मागे उरलेला साक्षी आणि मराठी समीक्षेचे मौन

१

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्ती लेखनाचे प्रकरण फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’ने उघडते आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांपाशी येऊन विसावते. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्यामुळे भाषेच्या दृष्टीने हा आरंभबिंदू बिनचूक आहे. वाद आहे तो या आरंभबिंदूतून फारसा विचार न करता काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी. तो निष्कर्ष असा, की ख्रिस्ती लेखणी या भूमीवर पोर्तुगीज तोफांच्या मागोमाग उतरली; ज्ञानदेव-नामदेवांचे, चक्रधर-म्हाइंभटांचे मध्ययुग तिला ठाऊक नव्हते. हा निष्कर्ष कोणी सिद्धांत म्हणून मांडलेला नाही. तो गृहीतासारखा वावरतो; आणि गृहीते ही सिद्धांतांपेक्षा चिवट असतात, कारण त्यांचे खंडन करण्याची जबाबदारी कोणीच स्वतःकडे घेत नाही.

या गृहीताला छेद देणारा पुरुष चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात ठाणे, सोपारा आणि भडोच या पट्ट्यात वावरत होता. त्याचे नाव जोर्दानुस कॅटलानी. फ्रान्समधील सेवेराकचा रहिवासी, डॉमिनिकन संघाचा भिक्षू, पुढे केरळातील कोल्लमचा बिशप आणि ‘मिराबिलिया डिस्क्रिप्टा’ म्हणजे ‘वर्णिलेली आश्चर्ये’ या छोट्या लॅटिन ग्रंथाचा कर्ता. १३२१ साली तो ठाण्याच्या बंदरात उतरला तेव्हा ज्ञानदेवांच्या समाधीला पंचवीस वर्षे झाली होती. परंपरेने मानलेले काल स्वीकारले, तर नामदेव आणि चोखामेळा हयात होते. देवगिरीचे राज्य दिल्लीच्या सुलतानीत पुरते विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते. म्हणजे ज्या कालखंडाला मराठी समीक्षा आपल्या वाङ्मयाचा गाभा मानते, त्याच कालखंडात, त्याच भूमीवर, एक परका विद्वान पत्रे लिहीत होता आणि ग्रंथाची सामग्री जमवीत होता.

नाशिकचा कॅथलिक धर्मप्रांत १९८७ साली स्थापन झाला. त्यामुळे नाशिककर वाचकाला ‘बिशप’ हा शब्द अर्वाचीन वाटला तर नवल नाही. पण घाट उतरून कोकणपट्टीत गेले, की या शब्दाचे वय झपाट्याने वाढते. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमून आलेला बिशप असल्याचे नमूद करतो, आणि हे ठिकाण म्हणजे कल्याण होय असे सामान्यतः मानले जाते. जोर्दानुस आला तो रिकाम्या जागी नव्हे. तो येण्यापूर्वीच ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबे राहत होती आणि सोपाऱ्याला संत थॉमसच्या नावाचे चर्च उभे होते.

प्रश्न विचारला जाईल, आणि तो रास्त आहे : लॅटिनमध्ये, युरोपातील वाचकांसाठी लिहिणाऱ्या बिशपाशी मराठी समीक्षेचे काय देणेघेणे? त्याला मराठी लेखक ठरवा अशी मागणी कोणीही करणार नाही. मागणी वेगळी आहे. परदेशी प्रवाशांच्या लेखनाला मराठी अभ्यासक ‘साधन’ म्हणून वापरतात. त्यातून पिकांची नावे, बंदरांची यादी, चालीरीतींचे दाखले उचलतात आणि उरलेला मजकूर बाजूला सारतात. ‘साधन’ आणि ‘संहिता’ यांच्यातला हा भेद निर्दोष वाटतो. प्रत्यक्षात तो समीक्षेने स्वतःला दिलेली सुट्टी आहे. साधनाला निवेदक नसतो, त्यामुळे निवेदकाविषयी प्रश्न विचारावे लागत नाहीत. जोर्दानुसच्या बाबतीत तर सगळे मर्म त्याच्या निवेदनातच आहे.

२

चरित्राचे निश्चित धागे थोडे आहेत आणि ते आधी सांगितले पाहिजेत. इराणातून होर्मुझमार्गे चार फ्रान्सिस्कन भिक्षू आणि हा एक डॉमिनिकन असे पाच जण हिंदुस्थानाकडे निघाले. टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफलिसचा देमेत्रिउस हे ते चौघे. जायचे होते कोल्लमला, पण जहाज ठाण्याला लागले. जोर्दानुस भडोचच्या ख्रिस्ती लोकांना भेटण्यासाठी उत्तरेकडे गेला; मागे राहिलेल्या चौघांपैकी तिघांचा काझीपुढे धर्मवाद झाला आणि एप्रिल १३२१ मध्ये चौघेही मारले गेले. जोर्दानुसला वाटेत वार्ता कळली. एका जिनोव्हाच्या तरुणाच्या साहाय्याने त्याने प्रेते सोपाऱ्याला नेली आणि संत थॉमसच्या चर्चमध्ये पुरली. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याने काठियावाडातील घोघ्याहून आपल्या धर्मबंधूंना पत्र लिहिले. त्यानंतर सुमारे अडीच वर्षे तो या किनाऱ्यावर एकटा होता. दुसरे पत्र त्या एकाकी काळाच्या शेवटी ठाण्याहून गेले आहे. पुढे तो युरोपात परतला आणि ऑगस्ट १३२९ मध्ये पोप बाविसावा जॉन याने आव्हिन्यों येथून त्याची कोल्लमच्या बिशपपदी नेमणूक केली. ग्रंथ त्याच सुमाराचा आहे. १३३० नंतरच्या त्याच्या आयुष्याविषयी आणि मृत्यूविषयी समकालीन पुरावा नाही.

ग्रंथाचा पुढचा प्रवासही बोलका आहे. तो छापला गेला १८३९ साली, पॅरिसच्या भूगोल परिषदेच्या प्रकाशनात. हेन्री यूल या स्कॉटिश लष्करी अभियंत्याने १८६३ साली हॅक्लुइट सोसायटीसाठी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि १८६६ च्या ‘कॅथे अँड द वे दिदर’मध्ये त्याची पत्रे भाषांतरित करून दिली. म्हणजे जोर्दानुस अर्वाचीन वाचकांपर्यंत आला तो भूगोलवेत्त्यांच्या हातून. त्यांनी त्याला फणस, नारळ, ताडी आणि पर्जन्यमान यांची टिपणे करणारा प्रवासी मानले. दुसऱ्या बाजूने धर्मसंस्थेने त्याला रक्तसाक्ष्यांचा सोबती मानले. एकाला टिपणवही हवी होती, दुसऱ्याला प्रभावळ. लेखक कोणालाच नको होता.

३

मराठी ख्रिस्ती परिभाषेत धर्मासाठी प्राण देणाऱ्याला ‘रक्तसाक्षी’ म्हणतात. शब्द अर्थपूर्ण आहे, कारण ग्रीकमध्येही त्या संज्ञेचा मूळ अर्थ ‘साक्षीदार’ असाच आहे. ठाण्याचे चार फ्रान्सिस्कन रक्तसाक्षी झाले; त्यांपैकी टोलेंटिनोच्या थॉमसला १८९४ साली पोप तेरावा लिओ याने धन्य घोषित केले. जोर्दानुस रक्तसाक्षी नाही. तो मागे उरलेला साक्षी आहे. चरित्रकारांची सारी अडचण येथे सुरू होते, कारण मागे उरलेल्या माणसाचे काय करायचे हे संतचरित्राच्या साच्याला ठाऊक नसते.

ठाण्याच्या घटनेचा विस्तृत वृत्तान्त जो सर्वत्र सांगितला जातो, तो प्रामुख्याने ओदोरिक या फ्रान्सिस्कनाचा आहे. ओदोरिक घटनेनंतर ठाण्याला आला, सोपाऱ्याची अस्थी उकरून त्याने चीनमधील झैतूनला नेली आणि १३३० साली पादुआ येथे आपला प्रवास एका धर्मबंधूला तोंडी सांगून लिहवला. त्यात काय नाही? नवराबायकोच्या भांडणातून भिक्षूंना काझीपुढे साक्षीसाठी यावे लागणे आहे, वादविवाद आहे, धगधगत्या अग्नीत टाकलेला जेम्स न जळता बाहेर येणे आहे, हत्या करविणाऱ्या अधिकाऱ्याला सुलतानाने दिलेले शासन आहे. अस्थींच्या प्रभावाने घराच्या आगीतून ओदोरिकचा बचाव होतो आणि समुद्रात अस्थीचा तुकडा टाकताच अडलेले जहाज चालू लागते. मारले गेलेले चौघे फ्रान्सिस्कन, सांगणारा फ्रान्सिस्कन, ऐकणारा आणि लिहून घेणाराही फ्रान्सिस्कन. वृत्तान्त संघाच्या अभिमानाच्या उबेत वाढला आहे. यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. संप्रदायांचे स्मरण सर्वत्र असेच वाढते.

आता जोर्दानुसचा ग्रंथ उघडावा. ज्याने ही प्रेते हाताळली, पुरली, त्याच्या ग्रंथात या घटनेला किती जागा आहे? समारोपातील काही ओळी. आपल्याला चार वेळा तुरुंगात टाकले, केस उपटले, फटके मारले, दगड मारले, हे तो सांगतो. आणि लगेच म्हणतो, की एवढे होऊनही आपल्या चार बंधूंना लाभलेला मृत्यू आपल्याला लाभला नाही. तेथेच तो आपल्या काळात मारल्या गेलेल्या इतर धर्मबंधूंची संख्या देतो आणि आपण त्यांच्यासोबत नव्हतो याबद्दल हळहळतो. अग्निदिव्य नाही, संवाद नाही, काझी नाही. एक आकडा आणि एक हळहळ.

समीक्षेच्या दृष्टीने जोर्दानुसच्या जीवनातले मध्यवर्ती तथ्य हे आहे : जो जवळ होता तो थोडके बोलतो, जो नंतर आला तो सविस्तर बोलतो. जवळ असलेल्याचे थोडके बोलणे हा त्याच्या कलेचा अभाव मानण्याची चूक सहज होते. खुद्द यूलच्या प्रस्तावनेपासून आजवर या ग्रंथाच्या त्रोटकपणाविषयी नाराजीचा सूर निघत आला आहे. पण हे मौन निरीक्षणशक्ती नसलेल्याचे मौन नव्हे. फणसाचे एक फळ पाच माणसांना पुरते, मे महिन्याच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तीनच महिने पाऊस पडतो, पारशी लोक प्रेते उघड्यावर पक्ष्यांसाठी ठेवतात, एका मृत पुरुषामागे पाच जिवंत स्त्रिया चितेवर चढलेल्या आपण पाहिल्या आहेत, हे सारे तो बारकाईने नोंदवतो. पाहणाऱ्याची नजर शाबूत आहे. ती एकाच जागी खाली वळते. ज्या मृत्यूच्या वेळी तो दूर होता, त्या मृत्यूचे वर्णन करण्याचा अधिकार तो स्वतःला देत नाही.

पाहिलेले आणि ऐकलेले यांच्यातला हा विवेक त्याच्या ग्रंथात इतरत्रही आढळतो. हिंदुस्थानाचे तो तीन भाग करतो. तिसऱ्या भागात, म्हणजे साधारणपणे पूर्व आफ्रिकेकडील प्रदेशात, आपण गेलो नाही आणि तेथील आश्चर्ये विश्वासू माणसांकडून ऐकली आहेत, असे तो स्पष्ट बजावतो. रत्नधारी अजगर आणि तशा प्रकारची नवले त्या तिसऱ्या भागातच राहतात. जेथे तो स्वतः चालला त्या कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावर अजगराच्या माथ्यावर रत्न नाही. तेथे ताड आहे, ताडी आहे, ऊन आहे. आश्चर्यांच्या ग्रंथात आश्चर्ये लेखकाच्या पावलांपासून दूर दूर सरकत जावीत, ही त्या काळच्या प्रवासलेखनात सामान्य गोष्ट नव्हती.

४

हा भेद ओळखण्यासाठी मराठी समीक्षेला कोणत्याही पाश्चात्त्य पद्धतीची उसनवारी करण्याची गरज नाही. तिच्या घरातच मापे आहेत, आणि त्यांतली दोन तर गोदावरीच्या काठची आहेत.

पहिले माप ‘लीळाचरित्रा’चे. चक्रधरांच्या प्रस्थानानंतर म्हाइंभटाने त्यांच्या सहवासातल्या स्त्रीपुरुषांकडे जाऊन आठवणी मिळवल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या. मूळ प्रत धामधुमीत नष्ट झाल्यावर महानुभावांनी स्मरणातून पाठ पुन्हा उभे केले, आणि तसे करताना भिन्न स्मरणांची भिन्नता पुसून टाकली नाही. कोणी काय सांगितले हे त्या परंपरेला महत्त्वाचे वाटले. त्या गद्याचा रोकडेपणा, त्यातले अर्धवट सोडलेले प्रसंग, त्यातली अलंकारशून्यता यांचे कौतुक मराठी समीक्षेने मनापासून केले आहे. याउलट महीपतीचा ‘भक्तविजय’ १७६२ चा; नामदेवांनंतर चारशे वर्षांनी आलेला. त्याच्या रसाळपणाची थोरवी मान्य करूनही कोणताही जाणता अभ्यासक त्याला नामदेवांच्या समकालीन साक्षीच्या जागी ठेवत नाही. म्हणजे साक्ष आणि महिमा यांच्यातला फरक मराठीत रुळलेला आहे. मग तोच फरक ठाण्याच्या प्रसंगाला लावताना हात का आखडतो? ओदोरिकचा महिमा जोर्दानुसचे चरित्र म्हणून का स्वीकारला जातो?

मागे उरलेल्याचे दुःखही मराठीला परके नाही. ज्ञानदेवांच्या समाधीविषयीचे जे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत, त्यांचा सारा गहिवर मागे राहिलेल्या मित्राचा आहे. नामदेवांपाशी त्या दुःखासाठी अभंग होता, टाळ होता, ऐकणारा संतमेळा होता. जोर्दानुसपाशी यांपैकी काही नव्हते. अडीच वर्षे तो जेथे होता तेथे त्याची भाषा बोलणारा धर्मबंधू नव्हता. ठाण्याहून लिहिलेल्या पत्रात शरीरपीडा, दारिद्र्य आणि सोबतीची याचना आहे. दोघांच्या काव्यगुणांची तुलना येथे अभिप्रेत नाही. एकाच शतकात, एकाच मुलखात, दुःखाला सामाजिक रूप मिळाले तर अभंग होतो आणि न मिळाले तर एक तुटक वाक्य उरते, एवढे दिसले तरी दोन्ही संहिता अधिक कळतील.

दुसरे माप ‘स्मृतिचित्रे’चे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक यांनी १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे, कवीचे चरित्र आनुषंगिकपणे सांगितले आहे. त्या काळी टिळकांचे संतचरित्र लिहिणे सोपे होते. वाचक तयार होता, मिशनही प्रसन्न झाले असते. लक्ष्मीबाईंनी टिळकांचा संताप, घर सोडून निघून जाणे, व्यवहारातली बेफिकिरी यांतले काही लपवले नाही. टिळक त्यामुळे लहान झाले नाहीत. ते माणूस म्हणून उभे राहिले. धर्मपुरुषाचे चरित्र प्रभावळीवाचून लिहिता येते, आणि प्रभावळ काढल्याने श्रद्धेचा अवमान होत नाही, हे नाशिकच्या मातीत वाढलेल्या एका स्त्रीने मराठीला दाखवून दिले. असे उदाहरण उशाशी असताना मध्ययुगीन बिशपाला एक तर संत म्हणून ओवाळावे किंवा परका म्हणून वगळावे, एवढेच दोन मार्ग समीक्षेला दिसावेत हे शोभादायक नाही.

५

प्रभावळ काढायची तर ती सर्व बाजूंनी काढली पाहिजे. जोर्दानुसच्या भक्तांना हे रुचणार नाही, पण त्याच्या ग्रंथात दुसराही एक माणूस आहे आणि तो फारसा निरागस नाही.

घोघ्याहून लिहिलेल्या पत्रात बाप्तिस्म्याचे आकडे आहेत : भडोचला सुमारे नव्वद, आणखी वीसहून अधिक, ठाणे आणि सोपारा यांच्या दरम्यान पस्तीस. हे मोजलेल्या माणसांचे आकडे आहेत. ग्रंथाच्या समारोपात हाच लेखक आपल्या वास्तव्यात दहा हजारांच्या आसपास माणसे ख्रिस्ती झाली असे म्हणतो, आणि दोनतीनशे चांगले भिक्षू मिळाले तर दर वर्षी तेवढीच होतील अशी ग्वाही देतो. दरम्यान काही वर्षे लोटली हे खरे. पण पस्तीस आणि दहा हजार यांच्यात केवळ कालाचे अंतर नाही. पहिला आकडा किनाऱ्यावरचा आहे, दुसरा दरबारातला. भिक्षू पत्र लिहितो तेव्हा माणसे मोजतो. बिशपपदाच्या उंबरठ्यावरचा विद्वान ग्रंथ लिहितो तेव्हा आश्रयदात्यांना पटेल असा पूर्णांक देतो. लेखकाचे वाचक बदलले की त्याचे अंकगणित बदलते.

ठाण्याच्या पत्रातले आणखी एक वाक्य मराठी वाचकाने विसरू नये. पोपने या समुद्रावर दोन गलबते ठेवली तर केवढा लाभ होईल आणि अलेक्झांड्रियाच्या सुलतानाचे केवढे नुकसान होईल, असे त्यात सुचवले आहे. वास्को द गामा कालिकतला येण्यापूर्वी पावणेदोनशे वर्षे हे स्वप्न ठाण्यात कागदावर उतरले होते. ग्रंथाच्या शेवटी तर फ्रान्सचा राजा कोणाच्याही मदतीवाचून सारे जग जिंकून ख्रिस्ती धर्माखाली आणू शकेल, असा विश्वास व्यक्त झाला आहे. ख्रिस्ती लेखणी तोफांच्या मागोमाग आली या गृहीताला आरंभी छेद दिला, तो येथे अधिक कडवट होतो. लेखणी तोफांच्या आधी आली होती. आणि तोफांची वाट तिनेच पाहिली होती.

त्याच्या निरीक्षणाच्या मर्यादाही तपासल्या पाहिजेत. ‘डुंब्री’ नावाच्या लोकांविषयी त्याचे एक वाक्य आहे. हे डोंब असावेत असे मानले जाते. ते मृत जनावरांचे मांस खातात, इतरांची हलकी कामे करतात, ओझी वाहतात आणि त्यांना उपासनेचा कोणताही विषय नाही, असे तो लिहितो. अन्न, श्रम आणि पूजा या तीन अंगांनी एका जातीची बहिष्कृत अवस्था एका वाक्यात पकडणारी ही नोंद चौदाव्या शतकातली आहे. पण तिचा शेवटचा भाग तपासून घेतला पाहिजे. मूर्ती आणि देवालये शोधणाऱ्या नजरेला, ज्यांना देवालयाचे दार बंद आहे त्यांची उपासना दिसणार कशी? त्याच दशकांत पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर चोखामेळा उभा होता. चोखामेळ्याची जात वेगळी, गाव वेगळे. पण बाहेर ठेवलेल्या माणसाला देव नसतो हा समज त्याच्या एका जीवनाने कोसळतो. जोर्दानुसला तो कोसळलेला दिसला नाही.

याहून उद्बोधक गोष्ट अशी, की हाच लेखक येथील लोकांना स्वच्छ अन्नाचे, सत्यवचनी आणि न्यायी म्हणून गौरवतो. आणि न्यायाचे लक्षण म्हणून प्रत्येकाचा दर्जा आणि त्यानुसारचे हक्क पूर्वापार जसेच्या तसे राखले जातात असे सांगतो. ओझी वाहणाऱ्यांचा दर्जाही याच न्यायाने राखला जात होता, हे दोन वाक्ये शेजारी ठेवल्यावर दिसते. जोर्दानुसने ती शेजारी ठेवली नाहीत. सरंजामी युरोपातून आलेल्या धर्मपुरुषाला दर्जांची उतरंड हाच न्याय वाटावा, यात आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते या गौरवपर वाक्याचा दाखला जुन्या सुवर्णयुगाच्या पुष्टीसाठी देणाऱ्यांचे. साधन म्हणून वाचले की असे होते. निवेदक हरवतो आणि त्याचे हितसंबंधही त्याच्याबरोबर हरवतात.

६

ऐंशीच्या दशकापासून मराठीत देशीवादाची जी चर्चा झाली, तिच्या दृष्टीने जोर्दानुस सरळसरळ परका ठरतो. भाषा लॅटिन, वाचक युरोपीय, हेतू धर्मप्रसाराचा. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. पण देशीपणाचे माप लेखकाला लावून संपत नाही. देशाला बाहेरच्या नजरेने कसे पाहिले, कोणते शब्द उचलले, काय पाहूनही दिसले नाही, हेही देशी समीक्षेचेच प्रश्न आहेत. त्याच्या लॅटिन वाक्यात नारळ ‘नारगील’ म्हणून येतो, ताडीचे झाड ‘तारी’ म्हणून येते आणि एक फळ ‘अनिबा’ म्हणून येते. हा ‘अंबा’ या शब्दाचा नक्कलकाराच्या हातून झालेला अपपाठ असावा असे मानले जाते. किनाऱ्यावरच्या कोणा अनाम माणसाने फळ हातात देऊन सांगितलेला शब्द लॅटिनच्या व्याकरणात अडखळत उभा राहिला आहे. या अडखळण्यात ज्यांना रस नाही त्यांचा देशीवाद फार घाईचा म्हणावा लागेल.

आणि ‘परका’ या सबबीखाली केवळ बिशपच वगळला जातो असे नाही. जोर्दानुसचा समकालीन जैन आचार्य जिनप्रभसूरी महंमद तुघलकाच्या काळात देवगिरीला राहिला होता. १३३३ च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्याच्या ‘विविधतीर्थकल्पा’त ‘नासिक्यपुरकल्प’ आहे, प्रतिष्ठान म्हणजे पैठणवरचा कल्पही आहे. नाशिकच्या चंद्रप्रभ मंदिराची पुराणकथा त्यात सांगितली आहे. एक बिशप आणि एक सूरी. दोघेही आपापल्या धर्माचे अधिकारी, दोघेही विद्वान, दोघेही सुलतानी अमलाखाली फिरणारे, दोघांनीही एकाच दशकाच्या आसपास या प्रदेशाविषयी ग्रंथ सिद्ध केले. आणि दोघांनाही मराठी वाङ्मयेतिहासाच्या मध्ययुगात, तळटीपेपलीकडे, जागा नाही. मराठीत लिहिले नाही म्हणून लेखक म्हणून जागा नसावी, हे मान्य. पण त्या युगाचे चित्र ज्यांच्या वाचनावाचून अपुरे राहते अशा संहिता म्हणूनही जागा नसावी, याचे समर्थन कोणत्या तत्त्वाने करणार?

नाशिकचा वाचक तर या अज्ञानाला भूगोलाचे कारण देऊ शकत नाही. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात उषवदाताचा जो लेख कोरला आहे, त्यात त्याने दानधर्म केलेल्या ठिकाणांमध्ये भरुकच्छ, गोवर्धन आणि शूर्पारक यांची नावे आहेत. भरुकच्छ म्हणजे भडोच, शूर्पारक म्हणजे सोपारा आणि गोवर्धन खुद्द नाशिकजवळचे. जोर्दानुस येण्यापूर्वी हजाराहून अधिक वर्षे नाशिकच्या डोंगराने त्याच्या वाटेवरची नावे आपल्या अंगावर कोरून घेतली होती. घाटमाथा आणि बंदर हे एकाच व्यवहाराचे दोन टोक आहेत, हे ज्या लेखावरून शाळेतल्या मुलालाही सांगता येते, त्या लेखाच्या गावात मध्ययुगीन वाङ्मयाची चर्चा घाटमाथ्यावरच का थांबावी?

जोर्दानुसचे मराठी भाषांतर नुसत्या वनस्पतींच्या टिपांसह होऊन भागणार नाही. ग्रंथ आणि दोन्ही पत्रे एकत्र, ओदोरिकचा वृत्तान्त शेजारी आणि ‘लीळाचरित्रा’चे गद्य समोर, अशी त्याची मांडणी झाली पाहिजे, म्हणजे कोण काय पाहून बोलतो, कोण ऐकून बोलतो आणि कोण पाहूनही गप्प राहतो हे वाचकाला स्वतः ठरवता येईल. तशा वाचनातून जोर्दानुस मोठा ठरेल की लहान, हा प्रश्न गौण आहे. त्याने सोपाऱ्याला चार प्रेते पुरली आणि त्यांच्यावर एकही चमत्कार रचला नाही. त्याच हाताने त्याने पस्तीसांचे दहा हजार केले. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत हे मान्य करून त्याच्याविषयी लिहिणे ज्या समीक्षेला जमेल, तिला ज्ञानदेव-नामदेवांच्या शतकाविषयी बोलण्याचा अधिकार आपोआप अधिक मिळेल. जिला ते जमणार नाही, तिने निदान आपले मध्ययुग संपूर्ण आहे असे सांगू नये.